पढवलेला साक्षीदार

१० फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. डावा हात आता खांद्यापर्यंत वर जातो हे वाचलं. मागच्या महिन्यात छातीपर्यंतच जात होता, म्हणजे सुधारणा आहे. व्यायाम वीस मिनिटं करता की वीस मिनिटांसारखं वाटेपर्यंत करता, ते आईने कळवावं.

एक बातमी आहे. अस्पष्ट बोलणं ओळखून पडद्यावर लिहिणारा जो प्रोग्राम मी दोन वर्षं करते आहे, त्यावरचा निबंध परदेशातल्या एका तंत्रज्ञान परिषदेने स्वीकारला. २ एप्रिलला मोठ्या सभागृहात पंधरा मिनिटं प्रात्यक्षिक दाखवायचं आहे. प्रोग्राम शंभरातली चौऱ्याण्णव वाक्यं बरोबर ओळखतो, त्या आकड्यावर निवड झाली. प्रयोगशाळेतून मी एकटीच जाणार. पासपोर्ट आहे. व्हिसा काढायचा आहे. मोठी बॅग आणि जाड कोट नाही.

आता कामाचं. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या आवाजात दोनशे वाक्यं रेकॉर्ड केली होती. आमच्याकडे अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या चौघांचे आवाज आहेत. त्यांत तुमचा सर्वांत अवघड आणि निकाल सर्वांत चांगला, म्हणून सभागृहात तोच ऐकवायचा आहे. त्याला तुमची लेखी परवानगी लागते. सोबत फॉर्म आहे. पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत तिथे तीन सह्या कराव्यात. २० तारखेपर्यंत मिळावा.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, कमी मात्र करू नये.

तुमची,
मोजपट्टी

&nbsp;

१४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

बातमी वाचताच तुझ्या आईने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि शेजारच्या तीन घरी वाचून दाखवलं. चौथ्या घराला कुलूप होतं म्हणून परत आली. मला अभिमान वाटला. हे एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नकोस. व्यायाम मी वीस मिनिटं करतो. घड्याळ मागे पडतं, त्याला मी काय करू?

सही केलेली नाही.

एकोणतीस वर्षं कोर्टाच्या दारात उभा राहून मी पुकारा केला. मी नाव घेतलं की खालच्या उपाहारगृहात बसलेला पक्षकार हातातला घास टाकून जिना चढायचा. एका न्यायाधीशांनी तर लाऊडस्पीकरची मागणीच फेटाळली, म्हणाले, हा माणूस निवृत्त होईपर्यंत गरज नाही. तोच आवाज आता तोंडात पिठाचा गोळा धरल्यासारखा येतो. आलं ते आलं, त्याचं रडगाणं नाही. पण तुझी यादी काल पुन्हा काढून वाचली. पाणी हवं आहे. दिवा बंद करा. उशी वर घ्या. संडासला जायचं आहे. दोनशेच्या दोनशे त्याच जातीची. माझा आवाज साता समुद्रापार भरल्या सभागृहात पोचणार, आणि पोचून काय सांगणार, तर संडासला जायचं आहे!

दुसरं असं, की रेकॉर्ड करताना हे फक्त तपासायला आहे असं तू म्हणाली होतीस. ऐकवण्याचं बोलली नव्हतीस. काय सांगून घेतलं आणि कशाला वापरलं, यातला फरक कोर्टात उभं राहून राहून मला चांगला कळतो.

बॅगेचं झालं. शेजारचे वकीलसाहेब त्यांची चार चाकांची देतो म्हणाले. मी हो म्हटल्यावर सांगितलं, की एक चाक अडकतं.

बाकी ठीक. राग नाही, लोभ आहे, सही नाही.

बाबा

&nbsp;

१८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फॉर्म कोरा मिळाला.

तुमची दुसरी तक्रार बरोबर आहे. माझ्या वहीत तारखेसकट नोंद आहे, “फक्त तपासायला” हेच शब्द मी वापरले होते. तेव्हा ते खरं होतं. निबंध पाठवला तेव्हा खरं राहिलं नव्हतं, आणि तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चूक माझी आहे.

पहिली तक्रार मला पटत नाही. यादी मी मनाने केलेली नाही. दवाखान्यातल्या नर्सनी दिलेली आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाला दिवसभरात जी वाक्यं सर्वांत जास्त लागतात ती त्यात आहेत. ती शोभेसाठी नव्हती.

चौघांपैकी एका निवृत्त शिंपीआजोबांचा फॉर्म सहीसकट आला आहे. त्यांचा आवाज ऐकवीन. तुमची अडचण संपली.

व्हिसासाठी दिलेला फोटो परत आला. त्यात मी हसते आहे, तसं चालत नाही. आमच्या प्रमुख मॅडमना दाखवला तर त्या म्हणाल्या, की फोटो दुसऱ्या कुणाचा असेल, हसताना तुला इथे कोणी पाहिलेलं नाही. दुसरा काढला. मुलाखत ९ मार्चला आहे. निमंत्रणाचं पत्र, प्रयोगशाळेचं पत्र, परतीचं तिकीट, सगळ्याच्या दोन दोन प्रती केल्या. मी जाणार हे नक्की आहे.

एक विचारते, कामापुरतं. पाणी आणि उशी नको, तर तुम्हाला काय म्हणायचं होतं?

कळावे. लोभ असल्याचं तुमच्याच पत्रात लेखी आहे, तो टिकवावा.

मोजपट्टी

&nbsp;

२२ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

झटका आल्यापासून जो येतो तो विचारतो, काय हवंय. काय म्हणायचंय असं तू पहिल्यांदा विचारलंस, मग ते कामापुरतं का असेना.

चाळीस वाक्यं बोललो. आईने तिच्या फोनवर घेऊन तुला पाठवली आहेत. तुला ताडून बघता यावीत म्हणून सोबत लिहूनही देतो आहे. हा चष्मा हिचा आहे, पण मला यातून जास्त चांगलं दिसतं. वकीलसाहेब, ही गोष्ट मी तिसऱ्यांदा ऐकतोय. मी बहिरा झालेलो नाही, ओरडू नका. सूपमध्ये मीठ घालायचं राहिलं, की माझ्यावर राग आहे? अशी आहेत.

आता एक कबुली. उन्हाळ्यात तू तुझं यंत्र मला दाखवलंस, तेव्हा वाक्यामागून वाक्य बरोबर उमटत होतं. शेवटी मी यादी सोडून मनाचं बोललो. म्हटलं, पोरी, फार वाळलीस, वेळेवर जेवतेस ना. पडद्यावर आलं, “दिवा बंद करा.” तू हसत उठलीस आणि दिवा बंद केलास. कितीतरी महिन्यांनी तुला हसताना बघत होतो. गप्प बसलो.

कोर्टात असे साक्षीदार पुष्कळ पाहिले. घरून घोटून आणलेलं विचारलं की फाडफाड बोलतात. समोरच्या वकिलाने आडवा प्रश्न टाकला, की पुन्हा तेच घोटलेलं म्हणतात. त्याला आम्ही पढवलेला साक्षीदार म्हणायचो. तुझं यंत्र त्यातलं तर नाही ना, एवढं बघ. नसेल तर बाप चुकला म्हण आणि सोडून दे.

आईने आत्याचा लोकरी कोट मागवला आहे. आत्या तुझ्या दीडपट आहे हे मी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

लोभ आहे. जेवत जा.

बाबा

&nbsp;

२८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही चुकला नाहीत.

चाळीसपैकी तीन वाक्यं बरोबर आली. बाकीच्यांना प्रोग्रामने जुन्या यादीतलं काहीतरी चिकटवलं. चष्म्याच्या वाक्याला “उशी वर घ्या”, आणि वकीलसाहेबांच्या गोष्टीला “संडासला जायचं आहे”. हे त्यांना सांगू नका. शिंपीआजोबांकडे जाऊन त्यांनाही मनाचं बोलायला सांगितलं. ते काजाबद्दल बोलले, पडद्यावर औषध आलं.

चूक कुठे झाली ते सांगते. दोनशे वाक्यांवर मी त्याला शिकवलं, आणि परीक्षेची शंभर वाक्यं त्याच दोनशेतली घेतली. आवाज नव्याने रेकॉर्ड केले होते, पण वाक्यं तीच. तो ऐकायला शिकलाच नाही, यादीतलं काय असेल याचा अंदाज बांधायला शिकला. चौऱ्याण्णव हा आकडा मी खोटा लिहिलेला नाही. प्रश्नच चुकीचा विचारला होता. हे मला दोन वर्षांत दिसलं नाही, आणि तुम्हाला एका वाक्यात दिसलं.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, की सगळेच असं तपासतात, चौऱ्याण्णव घेऊन जा, आल्यावर बघू. नाहीतर निबंध मागे घे. मी म्हटलं, नीट मोजायचं आणि येईल तो आकडा घेऊन जायचं. त्या म्हणाल्या, आकडा पडला तर परिषदवाले बोलावणं रद्द करतील. मी म्हटलं, करू देत. आवाज चढवला नाही, पण पेन टेबलावर जरा जोरात ठेवलं गेलं.

मला तुमची सहाशे वाक्यं हवी आहेत. तुमच्या मनाची, कुठलीही. पाचशेंवर प्रोग्राम पुन्हा शिकवीन, शंभर त्याला शेवटपर्यंत दाखवणार नाही आणि परीक्षेला वापरीन. १२ मार्चपर्यंत मिळाली तर वेळेत होतं. माझ्यासाठी एकही वाक्य सोपं करून बोलू नका. आणि ऐकवायची परवानगी आत्ताच वेगळी मागते आहे. नाही म्हणालात तर फक्त मोजायला वापरीन, आणि या वेळी फक्त म्हणजे फक्त.

कळावे. लोभ असेल तर सहाशेची मजल गाठावी.

मोजपट्टी

&nbsp;

११ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

सहाशे झाली. रोज आंघोळ आटोपली की दहापर्यंत पुढच्या खोलीत बसतो. आई फोन धरते, आणि रस्त्यावरून गाडी गेली की हात वर करून मला थांबवते. पहिली दोनशे भराभर झाली. मग बोलण्यासारखं काही उरेना. इतकी वर्षं दुसऱ्यांचीच नावं पुकारत आलो, स्वतःचं बोलायची सवय नाही. मग भिंतीवरच्या भेगेपासून सुरुवात केली आणि गाडी रुळावर आली. आई म्हणते, चौतीस वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं बोलला नाही, आणि आता बोलतो तेही फोनकडे बघून. ४१२ ते ४३० हे आमचं भांडण आहे. मी माझे शब्द मागे घेतले आहेत, पण तू शिकवायला वापर, उच्चार चांगले आले आहेत.

जीभ दुपारपर्यंत जड होते. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एवढा व्यायाम मी सांगितला असता तर तुम्ही केला नसता.

फॉर्म पाठवतो आहे. तिन्ही सह्या केल्या. साक्षीदार म्हणून वकीलसाहेबांची सही आहे. जुनी यादी आणि नवी वाक्यं, दोन्हींना परवानगी दिली आहे. आता नीट ऐक. बोलावणं रद्द होईल असं वाटलं, तर जुनीच ऐकव. पाणी म्हण, उशी म्हण, काय वाटेल ते म्हण. मी तिथे थोडाच असणार आहे? म्हाताऱ्याच्या हट्टापायी तुझं जाणं बुडायला नको.

मुलाखतीचं काय झालं ते लगेच कळव. आईचा जीव टांगणीला लागला आहे. माझा नाही.

लोभ आहेच, आणि तो सहाशे वाक्यांत पुरावा म्हणून दाखल आहे.

बाबा

&nbsp;

२९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मुलाखतीचं फोनवर आईला सांगितलंच, आता व्हिसाही हातात आला. अधिकाऱ्याने विचारलं होतं, की तुमचं यंत्र चुकतं का. मी म्हटलं, सध्या पुष्कळ. त्याने मान वर करून एकदा बघितलं आणि पुढचा कागद मागितला.

बाजूला ठेवलेल्या शंभर वाक्यांवर परीक्षा घेतली. आकडा त्रेसष्ट. तो चूक कशी झाली त्याच्यासकट परिषदेला कळवला. चार दिवस उत्तर नव्हतं. पाचव्या दिवशी आलं. दुरुस्ती मान्य आहे, बोलावणं कायम आहे. मोठ्या सभागृहाऐवजी चौथ्या मजल्यावरची चाळीस खुर्च्यांची खोली, आणि पंधराऐवजी सात मिनिटं. मॅडमनी विचारलं, सात मिनिटांसाठी एवढ्या लांब जाणार का. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा कोट आणून माझ्या खुर्चीवर ठेवला. तो मला बसतो. आत्याच्या कोटात मी आणि लॅपटॉप दोघंही मावत होतो, पण हे आत्याला कळवू नये.

सात मिनिटांत तीन वाक्यं ऐकवीन. तिन्ही परीक्षेतली आहेत. “वकीलसाहेब जिंकलेले खटले सांगतात, हरलेले मी पुकारले आहेत.” हे बरोबर आलं. “कुलूप मी लावलं, किल्ली हिने हरवली आणि बोलणी मला.” हेही बरोबर आलं. तिसरं चुकलं. तुम्ही म्हणालात, “आज जिना मी एकटा उतरलो.” पडद्यावर आलं, “आज जिना मी एकटा उरलो.” एक अक्षर गळलं. ते का गळलं हे मला अजून माहीत नाही आणि मी तिथे तसंच सांगणार आहे. तीनात दोन बरोबर, म्हणजे आकड्याला धरून आहे. जुन्या यादीतलं एकही वाक्य नेलेलं नाही.

आता एक गोष्ट, जी न सांगता जाता येणार नाही. ५८७व्या वाक्यानंतर आई फोन थांबवायला विसरली. अकरा सेकंद जास्तीची आली. प्रोग्रामला काय घ्यायचं आणि काय नाही ते कळत नाही, त्याने तेही लिहून काढलं, एक अक्षर न चुकता. तुम्ही आईला म्हणालात, तिला सांगू नकोस, पण पोरगी तिथे तोंडावर पडली तर ते माझ्यामुळे.

हे वाक्य मी शिकवायला घेतलं नाही, मोजलं नाही, मॅडमना दाखवलं नाही. ते तुम्ही मला दिलेलं नव्हतं. पुसून टाकलं आहे. पण वाचलं गेलं, तेव्हा उत्तर देते. चौऱ्याण्णव घेऊन गेले असते, तर कधीतरी कुणीतरी आडवा प्रश्न विचारला असता आणि मी पडले असते. त्रेसष्टवर मला उभं राहता येतं.

विमान उद्या सकाळी सहा चाळीसला आहे. बॅग बंद झाली.

कळावे. लोभ असावा, हे आजवर रीत म्हणून लिहीत आले. आज मागते आहे.

तुमची,
मोजपट्टी