सखूबाईची आंघोळ

४ नोव्हेंबर

नाक परत मोडलं. कितवं ते आता विचारायचं नाही.

वेल्ह्याची कमिटी येऊन गेली. कमिटी म्हणजे पप्पू – अध्यक्ष, खजिनदार आणि टेम्पोचा मालक, तिन्ही तोच – आणि त्याच टेम्पोतून उतरलेल्या बायका. सखूबाई सुईण वारली त्याला वर्ष होत आलं. अख्ख्या खोऱ्याची बाळंतपणं हिनं केली. फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला, त्यातही पदर नाकापर्यंत ओढलेला. त्यावरून मी अर्धपुतळा करायचा!

"नाक बसकं व्हतं तिचं," चंद्राबाई म्हणाली.

"बसकं? डोळं फुटलं व्हतं का तुजं? चांगलं धारदार व्हतं," बाळाबाई.

"डोळं मातर घारं."

"घारं कुठलं, काळंभोर!"

दोघींची बाळंतपणं तिनंच केलेली. रात्र रात्र तिच्यापुढे पडून होत्या. आणि एकीलाही चेहरा धड सांगता येत नाही. कमाल आहे!

६ नोव्हेंबर

एकोणपन्नासावं लागलं आणि स्वतःच्या नावाचं पहिलं काम मिळालं. मिळालं कसं तेही लिहून ठेवावं. कमिटी आली होती सरांकडे, नावाजलेले शिल्पकार म्हणून. सरांनी ऐकलं – सुईण, वेल्हं, ब्राँझ परवडत नाही, फायबर – आणि जांभई दिली. "नूतन, तू कर हे. नावही तुझंच घाल." जुना शर्ट द्यावा तसं दिलं. मी घेतला. उराशी धरून बसलेय.

शिवऱ्याच्या या शेडमध्ये बावीस वर्षं काढली. चौकाचौकांत घोडे उभे आहेत. घोडे माझे, खाली सही सरांची. सर स्कॉटलंडला शिकायला होते, तिथं एका मोठ्या शिल्पकाराकडे त्यांनीही मातीच मळली. "असिस्टंटला तिथं कुत्रं विचारत नाही," असं अजून कळवळून सांगतात. येताना ती पद्धत तेवढी नीट बांधून आणली.

११ नोव्हेंबर

चेहरा येत नाही. माती येते, चेहरा येत नाही.

१५ नोव्हेंबर

अनावरणाला मंत्री येणार! पप्पूनं फोनवर ओरडून सांगितलं. सर शेजारीच उभे होते. चहा अर्धा टाकून पुतळ्यापाशी गेले. ओलं गोणपाट उचलून पाहिलं, आज पहिल्यांदाच.

"चांगलं चाललंय. पण पाटीवर माझं नाव जाऊ दे, नूतन. मंत्र्यांना ओळखीचं नाव लागतं. तुझं काय, तू मनात आहेसच माझ्या."

त्या मनात बावीस वर्षांची गर्दी आहे, उभं राहायला जागा नसेल.

मी गोणपाट परत पांघरलं. भोरला घरी येताना एसटीत रडू फुटलं. शेजारच्या बाईनं घाईनं खिडकी उघडून दिली. तिला वाटलं, मला उलटी होतेय.

१९ नोव्हेंबर

आज बोलले. "नाव माझं नसेल तर साचा घेणार नाही."

"मग गेनबा घेईल," सर म्हणाले. चिडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

गेनबा आमचा राखणदार. माती मळतो, गोणपाट भिजवतो. घेईलही बिचारा.

सोडून जाऊ? कुठं? पन्नाशीच्या बाईला गणपतीच्या कारखान्यात उंदीर रंगवायला ठेवतील. इथं काय केलंत विचारलं तर दाखवायला एक वस्तू नाही. ही एकच होणार होती. आणि तिलाही चेहरा नाही.

झोप नाही. डबा तसाच परत नेते.

२३ नोव्हेंबर

संपलं सगळं.

आज सखूबाईचं वर्षश्राद्ध. साचा कुणीही घेवो, प्लॅस्टर मीच आणायचं, म्हणून नसरापूरला गेले होते. परत आले तर शेडमध्ये धूर, दारात पप्पूचा टेम्पो, आणि आत बायका पुतळ्याला आंघोळ घालताहेत! चुलीवर पाणी तापवलेलं. डोक्याला तेल. चंद्राबाई तांब्यानं ओततेय, बाळाबाई तळहातानं चेहरा चोळतेय, नवं मूल न्हाऊ घालावं तसा – कपाळ, गाल, हनुवटी. बाकीच्या रडताहेत.

मी किंचाळले. काय ते आठवत नाही.

"अगं बाय, आमच्या समद्या लेकरांना हिनं न्हाऊ घातलं," चंद्राबाई घाबरून म्हणाली. "तिला कुणी घातलं? आता साच्यात जायच्या आदी एकदा..."

"गेनबा, पाणी कुणी दिलं?"

"म्या दिलं. मूर्ती म्हनल्यावर आंगोळ आलीच की, ताई."

कच्ची माती ती! नाक गेलं. पापण्या गेल्या. ओठांच्या जागी एक खळगा. बावीस वर्षं घोड्यांच्या आयाळी कोरल्या, एक केस हलला नाही. माझं एक काम, तर ते मोरीतून वाहून गेलं!

२४ नोव्हेंबर

सर आले, पाहिलं. "अरेरे." मग खांद्यावर हात. "नाव तुझंच राहू दे. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो."

साचा उद्या घेतला नाही तर तारीख चुकते. नव्यानं करायला वेळ नाही. हातात जोरही नाही. वाटलं, फावड्यानं लगदा करावा आणि आपणही त्या मातीच्या हौदात पडून राहावं.

२५ नोव्हेंबर

सकाळी फावडं उचललं होतं, खरंच. तेवढ्यात चंद्राबाई आणि बाळाबाई दारात. माफी मागायला नसरापूरहून रिक्षा करून आल्या होत्या. पुतळा उघडाच होता. दोघी बघत राहिल्या.

"आता दिसली गं," बाळाबाई हळूच म्हणाली.

"व्हय. अशीच."

"अशी कशी? नाक कुठाय?" मी.

"नाक कुनी बगितलंय, पोरी? कळा येत व्हत्या. डोळ्यात पानी, घाम. दिव्याच्या उजेडात ही अशी वाकायची. धूसर. आमाला ती अशीच दिसायची."

मी फावडं ठेवलं. गेनबाला म्हटलं, प्लॅस्टर कालव.

साचा घेतला. माझ्या हातानं. मग पाटी कोरणाऱ्या कुंडलिकला फोन – नाव नूतन दिवेकर, मोठ्या अक्षरांत, लांबून दिसलं पाहिजे! तीनदा बजावलं.

१२ डिसेंबर

साच्यातून फायबरचा पुतळा निघाला. सर कितीतरी वेळ समोर उभे. "धाडसी आहे. हे धाडस... पाटीचं काय झालं गं?"

"कोरून झाली, सर."

आज दोन वेळा जेवले.

४ जानेवारी

अनावरण झालं. मंत्री आलेच नाहीत. पडदा ओढला आणि बायकांनी हंबरडा फोडला. मी आधी पाटी पाहिली. दगडावर, लांबून दिसेल असं – नूतन दिवेकर. बास. वर काही नाही, खाली काही नाही.

"पप्पू, सखूबाईचं नाव?"

"तिचं कशाला, ताई? तिला हितं कोन वळकत न्हाई? भायेरच्यांना तुमीच ठाऊक न्हाई, म्हनून तुमचं. 'शिल्पकार' बी घालनार व्हता कुंडलिक, पर तुमी अक्षरं मोटी सांगितली. जागाच उरली न्हाई."

११ जानेवारी

पुतळा बघायला एकटीच गेले. तोरण्याला निघालेली पुण्याची पोरं थांबली होती. सुईणीचा पुतळा एवढंच गावात ऐकलेल्या एकीनं पाटी वाचली आणि चप्पल काढून हात जोडले. "या नूतनबाई. अख्खं खोरं यांच्या हातावर जन्मलंय."

मी शेजारीच उभी होते.

कुंडलिकला अजून फोन केलेला नाही.