ताट वेगळं ठेवू काय?

आई, आज एका मुलीचा रिपोर्ट माझ्या हातून गेला. रत्नागिरीत मी ज्या लॅबमध्ये थुंकीचे नमुने तपासते, तिथे तिची आई बाहेर बाकावर बसली होती. तिने हळूच विचारलं, "मॅडम, हिचं ताट वेगळं ठेवू काय?" मी म्हटलं, "नको. हा आजार लागत नाही, जन्मतःच येतो." आणि मग घरी येऊन तुला लिहायला कागद घेतला.

आपल्या धाकटीला हेच होतं. सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात, लॅबच्या कामाला लागल्यावर मला कळलं. तू क्षय समजलीस, डॉक्टरही तसंच समजले. दोनदा क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स झाला, थुंकी हिरवीच राहिली. हर्णेच्या बंदरावर बायका तुझी माशांची पाटी टाळून पुढे जायला लागल्या, तेव्हा तू तिचं अंथरूण पडवीत टाकलंस. ती दाराशी येऊन विचारते, "आई, आत येऊ?" तू मासे कापताना मान वर न करता म्हणतेस, "नको गो. तुझ्यापायी सगळ्यांनी मरायचं काय?" ती अकरा वर्षांची आहे.

तिच्या छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होता. त्यात जंतू घर करतात, स्वतःभोवती बुळबुळीत आवरण करतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला धावतात, पण पकड बसत नाही. गिळलेल्यांतले काही पेशीच्या पोटातही जिवंत राहतात, औषध बाहेरूनच निघून जातं. लढून मेलेल्या पेशींचा गाळ कफात मिसळतो, कफ आणखी घट्ट होतो. आणि या सगळ्याचं मूळ अर्धं तुझ्याकडून आलं होतं, अर्धं बाबांकडून. जिला तू बाहेर काढलंस, तिला तो आजार तुम्हीच दिला होता. हे तुझ्या तोंडावर सांगायला तू जिवंत राहिली नाहीस, याची मला फार चुटपुट लागायची.

आईने तिला पडवीत मरू दिलं, असं मी नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं. पण शेवटच्या आठवड्यात तू तिचं अंथरूण उचलून आत आणलं होतंस. माझं दहावीचं वर्ष. मी दारात आडवी उभी राहिले. "ती आत आली तर मी मामाकडे जाते. परत येणार नाही." तू अंथरूण परत बाहेर नेलंस.

तू हे कधी कुणाला सांगितलं नाहीस. मीही सांगणार नाही. मुलं यायच्या आत हा कागद फाडते.