सेव्हन आयर्न आणि सांगलीची खुर्ची

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार
पुण्याहून नवे साहेब रुजू झाले. गोल्फ खेळतात. आमच्या ऑफिसात गोल्फ कशाशी खातात हे कुणाला माहीत नाही. शेजारच्या टेबलावरचे लालासाहेब म्हणाले, ह्या वयात हॉकी कशाला? सांगलीच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरच्या जागेसाठी माझ्याबरोबर या माणसाचं नाव चाललंय. कीव येते.
साहेबांना सांगितलं, मीही खेळतो. घरीच सिम्युलेटर आहे. समोर पडदा, दोन बाजूंना हाय-स्पीड कॅमेरे, टीव्हीवर स्विंगची, म्हणजे फटक्यासाठी हात फिरवण्याची, तपासणी. परदेशात असतो तसा. साहेब चाट पडले. २३ तारखेला रविवारी बघायला येतो म्हणाले.
हे खोटं बोलणं नव्हे. फक्त जोडणी बाकी आहे.

४ फेब्रुवारी
आमच्या वस्तीतून पहिला इंजिनिअर मी. साताऱ्यात शाहूपुरीला बंगला बांधणारा पहिला मी. आता पहिला गोल्फरही मीच. साहेबांबरोबर खेळणारा माणूस साहेबांच्या बरोबरीचा होतो, हे बायकोला समजावलं. नीलिमा म्हणाली, आधी काठी तरी आणा. काठी म्हणे. क्लब म्हणतात त्याला.
उद्यापासून पहाटे उठून शंभर स्विंग.

५ फेब्रुवारी
थंडी फार. स्विंग अंथरुणातच, मनातल्या मनात केले. दातांच्या डॉक्टरकडच्या मासिकात वाचलंय, हा खेळ निम्मा डोक्यातच असतो. म्हणजे निम्मा झाला.

९ फेब्रुवारी, रविवार
पाचगणीला एका बंगल्याच्या जुन्या सामानात सेव्हन आयर्न नावाचा क्लब मिळाला. बॉलही मिळाले. परसात दोरीला गादी टांगली. पहिला फटका: बॉल जागेवर, तुळशीवृंदावनाच्या आकाराची माती शेजाऱ्यांच्या धुण्यावर. दुसरा: बॉल जागेवर. जमीन उंचसखल आहे. बांधकाम चालू असताना मुकादमाला बजावलं होतं.

१२ फेब्रुवारी
कॅमेऱ्यांसाठी कोरेगावचा अजीम गाठला. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. कॅमेरे दोन, व्हीसीआर आणि चित्रं जोडायचा मिक्सर. माणसाला शास्त्राचा गंध नाही, पण सामान बरं आहे.
चाचणी घेतली. टीव्हीवर मी दिसतो, मग पांढरट फराटा दिसतो, मग परत मी. क्लब कुठंच नाही. मी त्याच्यावर उखडलो. तो शांतपणे म्हणाला, "आवं सायेब, ह्यो कॅमेरा लग्नाचा हाय. नवरानवरी हळू चालत्यात."
अडाणीपणा. कॅमेऱ्याला शटरचं बटण असतं ते मीच त्याला दाखवलं. शटरचा वेग हजारावर नेला. फराटा गेला, पण बाकीचंही सगळं गेलं. टीव्हीवर काळोख. उजेड कमी पडतो, एवढं निदान मी तत्काळ केलं. अजीमही तेच पुटपुटत होता, पण माझ्यानंतर.

१५ फेब्रुवारी
मांडववाल्याकडून हॅलोजन आणले. तो नुसते हॅलोजन देत नाही. म्हणाला, कनात आणि कमान बरोबर घ्यायला लागंल. घेतली. कनातीचा पडदा म्हणून उपयोग करता येईल. लाल आहे, झालर आहे. साहेब रसिक आहेत.
गल्लीत कुजबुज. समोरच्या काकूंनी विचारलं, काय हो, काय ठरलं काय? मी म्हटलं, रविवारी कळेल. प्रकल्प गोपनीय ठेवलेला बरा. त्या गोड हसल्या. गोल्फबद्दल लोकांना आदर असतोच, फक्त जागा करावा लागतो.

१८ फेब्रुवारी
नीलिमानं पहिल्यांदाच रस दाखवला. साहेबांबरोबर कोण कोण येणार, विचारलं. साहेब, बाईसाहेब आणि सुटीला आलेला मुलगा. मुलगा काय करतो? इंजिनिअर, पुण्याला. लग्न? अजून नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही उगाच काहीतरी करताय, पण तुमचं डोकं फार लांबचं चालतं. इतक्या वर्षांनी कळलं तिला.
लगेच उठून पलूसला भावाला फोन लावला. मेव्हणे भाऊसो. त्यांना गोल्फ दाखवणं म्हणजे गाढवापुढं वाचली गीता. पण येऊ देत. साक्षीदार हवेत.

२० फेब्रुवारी
विजय. मिक्सरवर दोन्ही कॅमेरे एकाच पडद्यावर आले. डाव्या अर्ध्यात समोरून मी, उजव्या अर्ध्यात बाजूनं मी. शटर हजारावर, हॅलोजन लख्ख. टेप थांबवली तर कनातीचा टाका न् टाका दिसतो. माझ्या तोंडातला दातसुद्धा. अजीम आ वासून बघत होता. असं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं, हे त्यानं कबूल केलं.
स्विंगही सुधारतोय. बॉल अजून हलत नाही, पण क्लब त्याच्या जवळून जातो.
आमची लेक माया बोलत नाही. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, अभ्यासाचा ताण असावा. नीलिमानं तिला नवी साडी आणली. परीक्षेला साडी कशाला, कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार, रात्री
नीट लिहून ठेवतो.
सकाळी पलूसहून जीप भरून माणसं आली. मला वाटलं भाऊसो एकटे येतील. बायका स्वयंपाकघरात, पेढ्यांचे पुडे, नारळ. भाऊसोंना विचारलं, एवढं कशाला? ते म्हणाले, "दाजी, तुमी लय झाकून ठेवलं, पर आमास्नी सगळं म्हाईत हाय. पोरगी आमची बी हाय की." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हॅलोजन, कनात, व्हिडिओ, पाहुण्यांचा बिनलग्नाचा मुलगा. ह्यांनी सिम्युलेटरचा साखरपुडा केला होता.
ओरडायला तोंड उघडलं आणि फाटकात साहेबांची गाडी, आत बाईसाहेब आणि मुलगा.
अजीमनं सवयीप्रमाणे गाडीचं दार उघडण्यापासून शूटिंग सुरू केलं. भाऊसोंनी साहेबांना टॉवेल दिला, नारळ दिला आणि स्वतःच्या हातानं डोक्यावर टोपी घातली. बाईसाहेबांनी मायाला खालपासून वरपर्यंत बघितलं. मायानं त्यांना तसंच बघितलं. मी ओळखलं, आता गोल्फच सगळ्यांना वाचवेल. सर्वांना परसात नेऊन बसवलं, पेढे फिरवायला लावले आणि मी बॉल ठेवायला वाकलो.
फटका मारला. वारा आला असावा. क्लब फिरला, मी फिरलो, कनातीची कमान खाली आली. पलूसच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.
साहेबांना अचानक काम आठवलं. फाटकाशी मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही माणूस चांगले आहात. पण सोयरीक आमच्यात बाहेर करत नाहीत."
मी सोयरीक मागितलीच नव्हती. हे सांगेपर्यंत गाडी वळली. चूक संपूर्णपणे नीलिमाची आणि तिच्या माहेरची. एक समाधान: स्विंगला साहेबांनी नाव ठेवलं नाही. म्हणजे त्यात दोष काढता आला नाही. उद्या ऑफिसात गैरसमज दूर केला की झालं. लग्न वेगळं, गोल्फ वेगळा.

२५ फेब्रुवारी
साहेब कामात आहेत. काल कामात होते.

२७ फेब्रुवारी
सांगलीची ऑर्डर निघाली. लालासाहेब. मला वाईट वाटलं, फार वाटलं. मग वाटलं, बॉल लागला असता तर आज चित्र वेगळं असतं. दोष शोधायला हवा. शास्त्रीय पद्धत.
संध्याकाळी अजीम टेप घेऊन आला. सुरुवातीला गुलाबाची फुलं उमलतात आणि त्यात माझं नाव येतं. काढायला सांगितलं. मग परसातलं चित्र. डाव्या अर्ध्यात मी. उजव्या अर्ध्यातही मीच असायला हवा होतो, तिथं पाहुणे. मी अजीमला झापलं. तो म्हणाला, "सायेब, पाव्हण्यांची तोंडं घेटली न्हाईत तर मागनं समदे भांडत्यात."
बघत राहिलो. शटर हजारावर. सगळं लख्ख.
साहेब ताटलीतून पेढा उचलतात. शेजारी भाऊसो. साहेब त्यांना काहीतरी विचारतात. भाऊसो छाती काढून उत्तर देतात आणि उघड्या दारातून हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीकडे हात करतात. साहेब तिकडे बघतात. हसून मान हलवतात. मग पेढा परत ताटलीत ठेवतात आणि रुमालाला बोटं पुसतात.
अजीमनं न सांगता टेप मागं घेतली आणि हळू चालवली. कशाला केलं त्यानं ते. पेढा खाली येतो, ताटलीला टेकतो, बोटं सुटतात. नीलिमा उठून आत गेली. भाऊसोंना हे दाखवायचं नाही, असं तिनं आतून सांगितलं.
मी म्हटलं, साहेबांना गोड चालत नसेल. वयानं असतं एकेकाला. आणि मूळ मुद्दा स्विंगचा आहे. तो बसला असता तर...
माया इतका वेळ टीव्हीच्या जवळ उभी होती. तिनं डाव्या अर्ध्यावर बोट ठेवलं. तिथं मी वाकलेला, हातात बॉल.
"पप्पा, तेव्हा तुम्ही अजून मारलंही नव्हतं."
नव्हतं. बॉल ठेवत होतो.