ताट रिकामं होऊ द्यायचं नाही

कसीना बेट, मंगळवार

आदरणीय ओडेसाताई,

तुझ्या चुलतभावाचा, थॅडियसचा, टोपी काढून नमस्कार. तुझे गुडघे आणि तुमच्या चर्चमधले नवे पाद्री, दोघांचीही कुरकुर आता कमी असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे खुशाल. फक्त प्रेस्कॉट साहेबांच्या तीन भेटी नेमक्या कितीला पडल्या ते आधी सांगतो: बारा डझन खेकडे, डुकराचं एक अख्खं तंगडं, पीचची शेवटची बरणी आणि माझ्या तीन दुपारच्या झोपा. जमीन गेली का? वीतभरही नाही.

हे साहेब अटलांटाचे. आपल्या किनाऱ्यावर उभे राहून म्हणाले, "इतकी शांतता मी कुठे पाहिली नाही!" आणि त्याच दमात, इथे दोनशे खोल्यांचं हॉटेल बांधणार म्हणाले. (शांतता आवडली की दोनशे घरची माणसं तिथे आणून ओतायची, ही शहरातली रीत असावी.) आजोबांनी जमीन कुणा एकाच्या नावावर केली नाही, आपण अकराजण वाटेकरी, त्यातल्या एकानं वाटा विकला तरी घेणारा कोर्टात जाऊन सगळीच लिलावात काढू शकतो, हे साहेबांना आपल्याहून चांगलं ठाऊक. म्हणून आले तेच कागदांची बॅग पोटाशी धरून.

आता मी काही शिकलेला माणूस नाही. एका फुटक्या होडीच्या तीन धड होड्या केल्या, त्या कान उघडे ठेवून. माणूस काय बोलतो त्यापेक्षा बोलण्याआधी घसा कधी खाकरतो ते ऐकावं. साहेबांनी घसा खाकरला की मी ताट पुढे करतो. हातात ताट असताना व्यवहाराची गोष्ट काढायची नाही, हा आपल्या बेटाचा कायदा. आणि ताट रिकामं दिसलं की वाढायचं, हाही. चारची शेवटची लाँच सुटेपर्यंत एवढे दोन कायदे पुरतात. तिसऱ्या खेपेला साहेब हुशारीनं म्हणाले, "मी जेवून आलोय." आमची अर्नेस्टीन चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "मग बसू नका हो, उभ्याउभ्या नुसती चव बघा." उभ्याउभ्या तीन ताटं गेली. (धक्क्यावर बॅग लाँचवाल्यानं उचलून दिली, साहेबांना वाकता येईना.)

लोक म्हणतात, "थॅडियस, पैसेवाल्यांशी टक्कर घेतोस?" घेतो! दहा प्रेस्कॉट येऊ देत. माझ्या हातचं खाऊन कुणी कागद बाहेर काढून दाखवावा!

तुझा,
थॅडियस

ता.क. साहेब तिकडे सव्हाना शहरात तुझ्या घरीही येऊन गेले आणि तू "बघू" म्हणालीस, असं कानावर आलं. माझे कान तुला माहीत आहेत. ताई, सही करू नकोस.

पुन्हा ता.क. येत्या शनिवारी साहेब परत येतायत, सोबत वकील. तू शुक्रवारच्या लाँचनं ये, काही आणू नकोस, टोप घासून ठेवलाय. अर्नेस्टीन आमच्या लेकीच्या बाळंतपणाला जॅक्सनव्हिलला गेली आहे, महिनाभर. मला अंडं उकडता येतं.