चंडोल उडाला

रुआबांधा, भिलाई

माय,

तुह्या पायावर डोकं ठेवतो. आमी सारे मजेत आहो. तुहे गुडघे कसे आहेत?

या सुट्टीलेही कॅमेरा घेऊन बेमेतऱ्याकडल्या माळावर गेलो अन् फोटो एकही नाई. डोकंच फिरलं. चंडोल समोर बसला होता. संगतीच्या मोनूले मी कानात म्हटलं, "हालू नको." तर चंडोल उडाला अन् पल्याडचे हरणंही पळाले. मोनू चिडला, "कावून चिल्लावून राहिला, भाऊ?" मी तर हळूच बोललो होतो. मिलमधी आमी सारे असेच बोलतो.

चंडोल लय गोड गाऊन राहिला होता म्हणे. मले फक्त त्याची चोच हलताना दिसली.

फोनवर तू दरवेळी विचारते, "कावून रागावला?" रागावलो नाई, माय. म्हणूनच चिठ्ठी लिहून राहिलो.

तुहा,
गुलाब