एका जनुकावर खापर

४ मार्च

किळस आली आज. उंदरांची नाही — त्यांच्या वासाची सवय कधीच झाली. सरांची.

आमच्या या करड्या उंदरांचं शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींवर उलटतं. पंजे पांढुरके पडतात, प्लीहा फुगून पोटभर होते. धडधाकट जातीशी त्यांचा संकर केला, पिल्लं ठणठणीत. पण त्या पिल्लांची पिल्लं — काही आजारी, काही नाहीत. सरांना यात एकच दोषी जनुक हवंय. ते नसूनही आजारी पडलेले आणि असूनही टुणटुणीत, असे दोन्ही माझ्याकडे भरपूर. सर म्हणाले, "ते गोंधळवतायत. वगळून टाक." तोंडात बिस्कीट. चुरा माझ्या कागदांवर.

६ मार्च

ताईकडे गेले. हाच आजार तिला, लग्नानंतर कळलेला. गोळ्यांनी चेहरा सुजलाय, रक्त सध्या ठीक. तिच्या सासूबाई चहा देता देता म्हणाल्या, "तू शिकलेली. सांग बाई, नातवंडाचं तोंड बघायला मिळेल ना आम्हाला?" भाऊजी मोबाइलमध्ये डोकं खुपसून. मी म्हटलं, डॉक्टर हो म्हणाले तर काहीच हरकत नाही, मुलाला आजार होईलच असं मुळीच नाही. ताई उठून आत गेली. बिचारी.

११ मार्च

वगळले नाहीत. सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासलं. काचेवर थेंब, त्यात तपासणीचा द्रव — पेशी एकमेकींना चिकटल्या की आजार पक्का. निकाल तोच. जनुकं निदान तीन असावीत, आणि त्यातलं एक चक्क त्या धडधाकट जातीकडून आलेलं! सरांना दाखवलं.

"एवढा गुंता कोण वाचणार?"

१९ मार्च

पेपरात सरांचा फोटो. हातात माझा उंदीर, शेपटीला धरून लोंबकळवलेला. मथळा — रक्ताच्या आजाराचं एकमेव जनुक सापडलं. खाली त्यांचे उद्गार, की अशा स्त्रियांनी आई होण्याआधी दहादा विचार करावा. उंदरांवरून थेट बायकांवर. छपाईला निघालेल्या शोधनिबंधावर नाव माझंही आहे. जेवण गेलं नाही.

२० मार्च

भाऊजींचा फोन. "आई पेपर घेऊन बसलीय. बोलत नाही कुणाशी."

"आणि ताई?"

"ती शांत आहे."

शांत.

२२ मार्च

सरांना म्हटलं, माझं नाव काढा. "डोकं फिरलंय का तुझं?" म्हणाले आणि हसले. वर खांद्यावर थोपटलं. घरी येऊन आधी अंघोळ केली. मग निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना सगळे निकाल पाठवले, वगळलेल्या उंदरांसकट.

७ एप्रिल

संपादकांनी निबंध थांबवला. पेपरात आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा. सरांनी प्राणिगृहाची किल्ली माझ्याकडून काढून घेतली — नुसता हात पुढे केला. सहकारी माझ्या टेबलाला वळसा घालून जातात. बातमी आली तेव्हा याच लोकांनी सरांना हार घातले होते. शी.

ताईकडे फोन लावला, सासूबाईंनी उचलला. सगळं समजावून सांगितलं. म्हातारी रडायलाच लागली. "देवासारखी धावलीस गं." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

९ एप्रिल

ताई आली. एकटीच. चप्पलही काढली नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं गं मध्ये पडायला? ती बातमी आल्यापासून घरात कुणी मला एका शब्दाने विचारत नव्हतं. आता पुन्हा सुरू झालंय. मला मूल नकोय. आजार नव्हता तेव्हाही नको होतं."