जावा हवेत आणि व्याही दारात

नारीन

ती. दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा छातीवर हात ठेवून सलाम. तुमचे गुडघे, ताईचं ब्लडप्रेशर आणि मुलांचे अभ्यास ठीक चालले असतील अशी आशा आहे. यानंतर जनावरांची खुशाली विचारायची आपली पद्धत, पण तुम्ही बिश्केकला चौथ्या मजल्यावर राहायला गेल्यापासून कोणाची विचारावी असा पेच पडतो. तेव्हा शेजारणीच्या मांजराची विचारतो. आमच्याकडे मेंढ्या, घोडी आणि काल्बूबू (हा क्रम सवयीनं पडला, ताईला वाचून दाखवू नये, ती लगेच माझ्या बायकोला फोन करेल) सगळे मजेत आहेत. तुमच्या पत्रात मात्र खुशाली-बिशाली काही नव्हती. एकच ओळ होती, "माझी जावा कशी आहे?" दाजी, निश्चिंत असा. तुम्ही विश्वासानं माझ्या शेडमध्ये ठेवून गेलेली लाल जावा धडधाकट आहे, तिच्यावर साधा ओरखडाही नाही. उलट ऑईल बदललंय, साखळी धुतलीय, मागच्या ब्रेकला नवे लायनर बसवलेत. हे घरच्या घरी कसं झालं ते सविस्तर कळवतो, कारण मोटरसायकल सुरक्षितपणे उचलण्याच्या बाबतीत आज आख्ख्या नारीनमध्ये माझ्याइतका जाणकार माणूस नाही. हे गर्वानं नाही, केवळ माहितीसाठी सांगतो.

जुन्या सामुदायिक शेतीच्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक जॅक मी इतकी वर्षं उगीच सांभाळला नव्हता. त्यावर लोखंडी फळी बसवली, पुढचं चाक धरायला चिमटा केला, की झाली लिफ्ट तयार. पायानं दांडी मारली की फळी वर. वर गेल्यावर जॅकनं दगा दिला तरी फळी कोसळू नये म्हणून आडवी खीळ घालायची (कल्पना माझी, काल्बूबू म्हणते तिची). गाडी चढवून पुढचं चाक चिमट्यात अडकवायचं, मग हँडलच्या दोन्ही बाजूंनी आणि मागून पट्टे खाली ताणायचे, पुढचे शॉक-अब्सॉर्बर थोडे दबेपर्यंत. नंतर गाडी हलवून बघायची. नुसती गाडी न हलता सगळी लिफ्टच हलली, तर बरोबर. मगच उचलायचं. हे झालं शास्त्र. प्रत्यक्षात पट्टे शेजारच्या तुरुस्बेकनं गवताचा ट्रक बांधायला नेले होते. ते परत आणायला तो विसरला, दांडी मारायला मात्र वेळेवर हजर. मी म्हटलं, पट्टे हवेत कशाला? आपल्या पिढ्यान् पिढ्या खोगिरावर गेल्या. मीच गाडीवर बसून तोल धरतो, तू उचल. (दाजी, असं कधीही करू नये. पण करायचंच झालं तर ते माझ्यासारख्यानं करावं.)

वर जाईपर्यंत थाट राजाचा होता. फळी छातीइतकी वर गेली, तुरुस्बेकनं खीळ घातली आणि तेवढ्यात त्याची बायको ओरडली की गाय व्यायला लागलीय. तो "आलोच" म्हणून जो गेला तो गेला. (कालवड झाली. छान आहे.) मग माझ्या लक्षात आलं की माझी फळी जरा अरुंदच आहे. पावलं जेमतेम कडेला टेकत होती. मी डावीकडे उतरायला लागलो की जावाही माझ्या मागोमाग डावीकडे उतरायला निघे. उडी मारली असती तर मी वाचलो असतो, गाडी वाचली नसती. तुमची आठवण झाली आणि बसून राहिलो.

आणि व्याही आले, तेही ठरल्याच्या आदल्या दिवशी. आमच्या सैकालच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करायला इल्गिझचे आईबाप आणि त्यांचे म्हातारे भाऊबंद. इल्गिझचा बाप सेयिताली कसला माणूस आहे ते तुम्ही ऐकलं असेलच. थोरल्या मुलाच्या वेळी मुलीच्या बापानं मोटारीतून न उतरता खिडकीतून हात पुढं केला, तर यानं डूल खिशात टाकून सरळ घरचा रस्ता धरला होता. वडीलधारं माणूस पायी समोर आलं की घोड्यावरच्यानं आधी खाली उतरायचं, हे आपली पोरं बोलायला लागायच्या आत शिकतात. आणि मी बसलोय कुठं, तर कुठल्या घोड्यानं दिली नसती इतक्या उंचीवर, डोकं वाशाला टेकलेलं. सैकालचा त्या पोरावर किती जीव आहे ते ताईला विचारा. माझ्यापायी लग्न मोडलं असतं तर मी तिला तोंड कसं दाखवलं असतं?

सेयिताली शेडच्या दारात थांबला. वर बघितलं. "मेदेत, तू खाली उतरतोस की आम्ही वर यायचं?"

"व्याहीबुवा, उतरलो तर ही तुमच्या अंगावर येईल."

"अजून झालो नाही मी व्याही," असं म्हणून त्यानं डूल असलेल्या खिशात हात घातला.

तेवढ्यात पिठाच्या हातांनी सैकाल धावत आली. "बाबा, हलू नका. श्वासही जपून घ्या." तिनं खुंटीवरचे आपल्या लोकरीच्या नमद्याच्या तंबूचे विणलेले पट्टे ओढले (ते इतका वेळ माझ्या पाठीमागेच टांगलेले होते, पण मागे वळायची सोय नव्हती), एक हँडलवरून टाकला आणि होणाऱ्या सासऱ्याला म्हणाली, "काका, खिशातून हात काढा आणि हे टोक धरा. असं नाही हो, खाली ओढा! तंबू कधी बांधलाय की नाही?"

काल्बूबूनं डोक्याचा रुमाल तोंडात कोंबला. आणि सेयितालीनं मुकाट्यानं टोक धरलं! बाकीच्या म्हाताऱ्यांनी उरलेली टोकं धरली, शॉक दबले, सैकालनं गाडी हलवून पाहिली आणि मला उतरवलं. मी उतरलो तो थेट गुडघ्यांवर, दोन्ही हात पुढं करून. पण सेयितालीचे हात पट्ट्यात गुंतलेले. "थांब, आधी गाठ मारू दे," म्हणाला. गाठ मारली, खिशातले डूल काढून बायकोच्या हातात दिले आणि म्हणाला, "बापाचं जाऊ दे. ही पोरगी आपल्या घरात पाहिजे."

दाजी, मी रडलो. डोळ्यात ऑईल गेलं असं सगळ्यांना सांगितलं, तुम्हीही तेच सांगा. ब्रेकचं काम मग म्हाताऱ्यांनी चहा पीत, एकमेकांवर खेकसत पुरं केलं. मी सूचना दिल्या.

तुमचा,
मेदेत

ता. क. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या की लग्न. आमच्याकडचे वडीलधारे तुम्हीच, तेव्हा मेंढीचं मानाचं मुंडकं तुमच्याच पुढं येईल. ताईला घेऊन नक्की या.

आणखी ता. क. बसनं या, आणि परतीचंही तिकीट काढून ठेवा. चहानंतर व्याही जावाभोवती फिरले आणि "छान आहे" म्हणाले. मी विषय कालवडीवर नेला. मग सीटवरून हात फिरवून पुन्हा म्हणाले. सोयऱ्यानं दुसऱ्यांदा कौतुक केलं की ती वस्तू त्याच्या हवाली करायची, ही रीत मी तुम्हाला काय सांगावी? आमच्या वडिलांचा चांदीच्या मुठीचा चाबूक तुम्ही असाच नेलात. तेव्हा जावा धडधाकट आहे हे वर लिहिलंय ते शंभर टक्के खरं, फक्त ती सेयितालींच्या अंगणात धडधाकट आहे. येताना तिचे कागद आणा. व्याही त्या बाबतीत फार काटेकोर आहेत.

शेवटचा ता. क. इल्गिझ सैकालला न्यायला जावावरूनच येणार आहे. तेव्हा दारात माझ्या शेजारी उभे राहा. मी सैकालकडे बघून रडेन, तुम्ही जावाकडे बघून रडा. लोकांना फरक कळणार नाही.